पारड्यात मावणारा फिल्टर

शिक्केसाहेबांनी आयुष्यात कधी समोरच्याच्या मापाने काही घेतलं नाही. वजनमाप खात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. बाजारातल्या प्रत्येक तराजूवर त्यांच्या हातचा शिक्का, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ते काही पुसलं गेलं नाही. पारड्याला खालून चिकटवलेला मेणाचा गोळा, बुडाला आतून ठोकून उथळ केलेलं दुधाचं माप, टोकाला बोटभर कापलेली कापडवाल्याची टेप, असले प्रकार त्यांनी इतके पाहिले होते की एखादा व्यवहार सरळ चाललेला दिसला की त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. एवढं सरळ कसं? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

घरातही तोच खाक्या. बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत दोन पारड्यांचा एक पितळी तराजू होता, खात्याने निरोपाच्या दिवशी दिलेला. दुसऱ्या कुणी तो शोभेला ठेवला असता. साहेब त्यावर साबण तोलायचे. नवी वडी आणली की ती आधी तराजूवर जाणार, मग बाथरूममध्ये. गोळ्यांची बाटली आणली की गोळ्या मोजल्या जाणार. एकदा एकशेवीसऐवजी एकशेएकवीस निघाल्या, तर साहेब दोन दिवस अस्वस्थ होते, की यात कंपनीचा डाव काय असावा.

एका माणसावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता, निदान सगळ्यांची तशी समजूत होती. ती म्हणजे त्यांची बायको.

बायकोने पंचवीस वर्षं शिवणकारखान्यात कापड कापलं होतं. थरावर थर रचायचे, वरून खडूने आखायचं आणि यंत्राची सुरी फिरवायची. दिवसभर हवेत कापसाचा बारीक भुगा उडत राहायचा. तो सगळाच काही कारखान्यात राहिला नाही, थोडा तिच्या छातीत बसून घरी आला. त्यात आता घरासमोरचा रस्ता रुंद करायला काढला होता आणि सकाळपासून दगड कापायची यंत्रं करकरत होती. खिडक्या बंद केल्या तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. बायको तीन उशा रचून बसल्याबसल्या झोपायची. जिना चढताना दोनदा थांबायची, आणि थांबली हे कळू नये म्हणून भिंतीवरची सूचना वाचायची. ती सूचना पाण्याच्या टाकीची होती आणि दोन वर्षं तीच होती.

डॉक्टर म्हणाले, "झोपायच्या खोलीतली हवा स्वच्छ हवी. एअर प्युरिफायर लावा. नाहीतर काही महिने दुसरीकडे राहा."

दुसरीकडे म्हणजे लेकीकडे. ती डोंगरातल्या एका छोट्या गावात राहायची, हवा छान. तिचा रोज फोन, "आई, तू इकडे ये, आत्ताच ये."

बायकोने एका संध्याकाळी साहेबांना समोर बसवलं. "हे बघा, मला माझं घर सोडायचं नाहीये. यंत्र लावून बघू. लावल्यापासून एक महिना. फरक पडला तर मी इथेच. नाही पडला तर जाते लेकीकडे. आणि गेले तर चार दिवसांची पाहुणी म्हणून नाही जाणार, सांगून ठेवते."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ती आठ दिवसांपेक्षा जास्त कधी घराबाहेर राहिली नव्हती. साहेबांचं तिच्यावर प्रेम होतं, चारचौघांत बोलून न दाखवलेलं पण अगदी भरभक्कम. ती गेली तर या घरात साबण तोलण्यापलीकडे काय उरणार, हे त्यांना चांगलं कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की यंत्र निवडायचं तर असं, की कुणी आपल्याला टोपी घालता कामा नये. इथेच सगळा घोटाळा सुरू झाला.

पहिल्या दोन दुकानांतून ते बाहेर पडले ते नाक मुरडूनच. तिसऱ्या दुकानात ढगळ टाय घातलेला एक पन्नाशीचा विक्रेता होता. त्याने काडी पेटवली आणि यंत्राजवळ नेऊन विझवली. हिरवा दिवा लाल झाला, आकडा बारावरून एकदम तीनशेवर गेला, पंखा घोंघावला आणि दोन मिनिटांत आकडा खाली येऊन दिवा पुन्हा हिरवा.

"बघा काका! डोळ्यांदेखत हवा साफ!"

"हा आकडा कोण दाखवतं?" साहेबांनी विचारलं.

"मशीन."

"आणि हवा साफ कोण करतं?"

"मशीनच की."

"म्हणजे परीक्षेला बसलेला तोच आणि पेपर तपासणारा तोच. काडी कुणाची?"

टायवाला गोंधळला. "काडी आमचीच, काका."

साहेब विजयी मुद्रेने बायकोकडे वळले. "बघितलंस?" बायकोने काही बघितलं नव्हतं, ती बसायला खुर्ची शोधत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःची काड्यापेटी घेऊन गेले. आकडा तसाच चढला, तसाच उतरला. याने कुणाचंही समाधान झालं असतं. साहेबांना वाटलं, धूर दिसला की नाचायचं असं यंत्राला शिकवून ठेवलेलं असणार. मग माहितीपत्रक. त्यात लिहिलं होतं, नव्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव टक्के कण पकडले जातात. "सत्त्याण्णव!" साहेब घरी येऊन म्हणाले. "खोटं बोलणारा माणूस शंभर कधीच म्हणत नाही." तेच पत्रक डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकाशेजारी टांगलेलं त्यांना आठवलं आणि डॉक्टरही संशयितांत गेले. जावयाने फोनवर एक यंत्र सुचवलं, तर जावयाला एवढी घाई का? लेक म्हणाली की यंत्राबिंत्रात वेळ घालवू नका, आईला पाठवा, तर लेकीच्या घरी दोन लहान मुलं आहेत आणि मुलं सांभाळायला माणूस मिळत नाही, हे साहेबांना माहीत होतं. पोटच्या पोरीबद्दल असं मनात आणताना त्यांना थोडी लाज वाटली, पण आणलं ते आणलंच.

असे तीन आठवडे गेले. रस्त्यावर दगड कापणं चालू होतं.

"अहो," बायको एकदा जिन्यात थांबून म्हणाली, "तुम्ही यंत्र निवडताय की दुसरा जावई?"

शेवटी टायवाल्यालाच साहेबांनी एक नवा प्रश्न विचारला. "ही पकडलेली धूळ जाते कुठे?"

"फिल्टरमध्ये बसते."

"सगळी?"

"सगळी, काका. बाहेर कुठून जाणार?"

साहेबांचा चेहरा असा उजळला की टायवाल्याला वाटलं, सुटलो एकदाचा. धूळ फिल्टरमध्ये बसते. धुळीला वजन असतं. आणि ज्याला वजन आहे ते शिक्केसाहेबांपासून लपून राहू शकत नाही. नवा फिल्टर तोलायचा, महिन्याने पुन्हा तोलायचा, जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ. तराजू आपला, वजनं आपली, काटा आपला.

खिशातून त्यांनी टेप काढली. "याचा फिल्टर बाहेर काढून दाखवा."

"काका, आधी खोली केवढी आहे ते सांगा. त्यावरून मशीन ठरतं."

"खोली राहू द्या. फिल्टर काढा."

उंच नळकांड्यासारखा होता तो बाद. पाटाएवढा चौकोनी होता तोही बाद. एका बुटक्या, गोलमटोल यंत्राचा फिल्टर मात्र साहेबांनी मोजला आणि मान डोलावली. हा आपल्या तराजूच्या पारड्यात बरोबर मावतो. टायवाल्याने आजवर आवाज ऐकून घेणारे पाहिले होते, पडद्यांना रंग जुळतो म्हणून घेणारेही पाहिले होते. पारड्यात मावतो म्हणून प्युरिफायर घेणारा हा पहिलाच. झोपायच्या खोलीला तो पुरेसा निघाला, हे केवळ नशीब.

त्या आठवड्यात झड लागली होती. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, भिंतीवर हात टेकला तर ओला होत होता. साहेबांनी फिल्टर पिशवीतून काढून रात्रभर टेबलावर ठेवला, सकाळी चष्मा पुसून तोलला. चारशे अठरा ग्रॅम. वहीत तारीख घालून लिहिलं, खाली सही केली. यंत्राच्या आकड्यावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली. खोट्या साक्षीदाराचं तोंड बंद असलेलं बरं.

पाचव्या दिवशी बायकोने एक उशी कमी केली. दहाव्या दिवशी दुसरी.

"अहो, आज मी मधे न थांबता वर आले."

"हं."

"हं काय? चांगलं झालं म्हणा की!"

"बघू. महिना पुरा होऊ दे."

एके दिवशी तिने खालच्या मजल्यावरच्या दोघींचं भांडण सगळ्या हातवाऱ्यांसकट एका दमात सांगितलं. गेल्या वर्षभरात तिची एवढी लांब गोष्ट मधे तुटल्याशिवाय झाली नव्हती. साहेब पोट धरून हसले. त्यांना फार बरं वाटलं. पण बरं वाटलं की सावध व्हायचं, ही खोड कुठे जाणार?

बाविसाव्या दिवशी ती बाजारात गेलेली असताना त्यांनी फिल्टर काढला. झड केव्हाच संपली होती, आठ दिवस कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटत होते. फिल्टर पारड्यात ठेवला. चारशे तेरा.

साहेबांनी पुन्हा तोलला. पारडी बदलून तोलला. चारशे तेरा. बावीस दिवस धूळ खाऊन फिल्टर पाच ग्रॅमने हलका झाला होता!

खरं तर माणसाला वाईट वाटायला हवं. साहेबांना आनंद झाला. चौतीस वर्षांतला सगळ्यात मोठा चोर सापडल्याचा आनंद. फिल्टर काही पकडत नाही, उलट स्वतःच झिजतोय, आणि जग डोळे मिटून तो विकत घेतंय! तक्रारीचा मजकूरही त्यांच्या डोक्यात तयार झाला.

मग एक प्रश्न उरला. यंत्र खोटं, तर बायकोला बरं कसं वाटतंय?

याला दोनच उत्तरं होती. एक, तिच्या मनाचे खेळ. दुसरं उत्तर सुचलं तेव्हा साहेब खुर्चीत बसले. तिला लेकीकडे जायचं नाही. महिन्यात फरक पडायला हवा, ही अट तिचीच. म्हणजे फरक पडल्याचं सोंग. ती दम खात वर येत असेल आणि दाराशी थांबून, श्वास सावरून मग आत येत असेल. वास्तविक बायको आपल्याला सोडून जायचं नाही म्हणून सोंग करते, हे ऐकून कुठलाही नवरा विरघळला असता. साहेबांना त्यात फक्त सोंग दिसलं.

त्यांनी फिल्टर परत घातलाच नाही. कागदात गुंडाळून कपाटात ठेवला, यंत्राचं झाकण लावलं आणि बटण दाबलं. पंखा पूर्वीसारखाच घोंघावला.

वहीत नवं पान सुरू झालं. सोमवार, खोकला चार वेळा. साहेबांनी चारखाली रेघ मारली. फिल्टर नाही तरी काही बिघडलं नाही, म्हणजे सोंगच. मंगळवारी अकरा. बुधवारी पलंगावर दुसरी उशी आली.

"आज छाती जड झालीय हो."

"परवापर्यंत तर बरी होतीस."

"होते."

"मग आज काय झालं?"

"मला काय माहीत? यंत्र चालू आहे ना?"

"चालू आहे," साहेब म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. दुधाचं माप बाहेरून बघितलं तर तेही पूर्णच दिसायचं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी माणसांची दुकानं बंद केली, तीच ते आता आपल्या झोपायच्या खोलीत करत होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. गुरुवारी तिसरी उशी आली. ती खोकताना तिची पाठ वाकायची आणि साहेबांना ते बघवत नव्हतं, हेही तितकंच खरं. पण चारच दिवस झाले होते, आणि चार दिवसांचा पुरावा म्हणजे कच्चा पुरावा. आणखी एक दिवस, असं म्हणून त्यांनी वही मिटली.

शुक्रवारी सकाळी फिल्टर आणि वही घेऊन ते जुन्या कचेरीत गेले. तक्रारीला खात्याच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र जोडायचं होतं. तिथे आता धाकट्या मॅडम प्रमुख होत्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा पहिलं वजन त्यांच्या हातात साहेबांनीच दिलं होतं.

मॅडमनी कागद उलगडला आणि फिल्टर उजेडात धरला. "अगं बाई! केवढा मळलाय हा!"

"मळलाय खरा. पण वजन कमी भरलंय. पाच ग्रॅम."

साहेबांनी तो मळ पाहिला नव्हता असं नाही. पण डोळ्यांवर ते कधी विसंबले नव्हते. काटा सांगेल ते खरं.

मॅडमनी वही वाचली. वाचता वाचता त्यांचं बोट पहिल्या तारखेवर थांबलं. "साहेब, हे वजन झड होती तेव्हाचं?"

"हो."

गुरूला चूक दाखवायची म्हणजे जिवावर येतं. मॅडम हळूच म्हणाल्या, "साहेब, त्या कापसाच्या गाठी आठवतात?"

साहेबांना आठवल्या. एका व्यापाऱ्याने गाठी ओल्या फरशीवर रचून ठेवल्या होत्या, वजन वाढावं म्हणून. साहेबांनी सगळं गोदाम अडवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी याच खोलीत नव्या मुलांना उभं करून शिकवलं होतं. कापूस, कागद, लाकूड, धान्य, सगळं हवेतलं पाणी पितं आणि कोरड्या हवेत सोडून देतं. तोलायच्या आधी दिवसभर कोरड्या पेटीत ठेवा, नाहीतर तुम्ही माल तोलत नाही, हवामान तोलता.

"तुम्हीच सांगितलं होतंत," मॅडम म्हणाल्या. "हा फिल्टरही कागदाचाच, ओल गेली म्हणून हलका झाला. धूळ आहेच त्यात. मी पेटीत ठेवते, उद्या नीट तोलून देते."

साहेबांनी फिल्टर मॅडमच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. "नको. हा आत्ताच्या आत्ता घरी हवा आहे."

घरी पोचेपर्यंत त्यांनाच धाप लागली. झोपायच्या खोलीत बायको पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. यंत्र बंद होतं आणि त्याचं मागचं झाकण जमिनीवर. ती दर शुक्रवारी यंत्राची बाहेरची जाळी पुसायची, हे साहेब विसरले होते.

"मला वाटलं... चोरीला गेला," ती म्हणाली. एकेका शब्दाला श्वास घेत होती. "मग वाटलं, फिल्टर कोण चोरेल? मग कपाट बघितलं. तिथे कागदाचा एक कपटा होता. त्यावर तुमच्या अक्षरात सोमवार, चार. मंगळवार, अकरा. हे माझंच ना?"

वहीत उतरवण्याआधी ते कपट्यावर टिपायचे. ती सवयही खात्यातलीच.

"अगं, चुकलं माझं. यंत्र खरं आहे," साहेब घाईघाईने फिल्टर बसवत म्हणाले. "तेव्हा ओल होती, म्हणून वजन जास्त भरलं. सगळा उलगडा झाला. यंत्र अगदी खरं आहे!"

"यंत्र खरं आहे," ती म्हणाली. थांबली. "आणि मी?"

साहेबांचा हात झाकणावरच राहिला.

"बरं वाटतंय म्हणून सांगितलं होतं. किती वेळा सांगितलं."

"मला वाटलं, लेकीकडे जायचं टाळायला म्हणतेस."

"टाळत होतेच. पण बरंही वाटत होतं."

झाकण बसलं. यंत्र सुरू झालं. साहेबांनी आकड्यावरची पट्टीही ओढून काढली. ती काढ असं कुणी म्हटलं नव्हतं.

"लेकीला फोन केलाय," बायको म्हणाली. "उद्या न्यायला येतेय."

"पण महिना अजून पुरा कुठे झाला?"

"झाला. आता पुरा झाला."

ती रागावून बोलली असती तर साहेबांनी रागाची समजूत घातली असती. ती रागावली नव्हती. तिने चार लुगडी घेऊन अगदी मोजकी बॅग भरली, गोळ्या कुठे ठेवल्या ते सांगितलं, आणि शनिवारी दुपारी जिना उतरताना लेकीच्या खांद्यावर हात ठेवून दोनदा थांबली. या वेळी तिने सूचना वाचल्याचं नाटक केलं नाही.

आठ दिवस त्यांनी फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? नवव्या दिवशी केला. लेकीने उचलला, एक शब्दही जास्त न बोलता आईकडे दिला.

"कसा आहे श्वास?" साहेबांनी विचारलं.

ती म्हणाली, "मी सांगितलेलं चालेल?"

"चालेल," साहेब म्हणाले.

"मग ऐका. चांगला आहे. काल टेकडीवरच्या बाकापर्यंत जाऊन आले, नातवंडं पुढे पळत होती आणि मी मागून चालत, कुठेही थांबले नाही, आणि रात्री एका उशीवर झोपले."

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. साहेबांनी फोन कानाला घट्ट धरला. चौतीस वर्षं न चुकता आलेली शंका आत्ता यावी, ही बाई सोंग करतेय, तिथे तिला बरं नाही, तिला घरी यायचंय, असं कुणीतरी आतून सांगावं, म्हणून ते वाट बघत राहिले. शंका काही आली नाही. तिने सांगितलेला शब्द न् शब्द त्यांना खरा वाटला.